उधारीचं भांडण

काकांकडे पुस्तक मागायला जाणं म्हणजे चौकीत तक्रार नोंदवायला जाण्यासारखं होतं. काय आवडतं, कितवीत आहेस, आधी काय वाचलंस, यातलं काहीही ते विचारायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवायचे, समोरच्या पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि म्हणायचे, "हं. शेवटचं भांडण कुणाशी झालं?"

पोरं आधी गोंधळायची, मग घडाघडा बोलायला लागायची. कारण त्या वयात भांडण नेहमी ताजंच असतं. काका सगळं चवीनं ऐकायचे. आधी कोण बोललं? दार आपटलं की नाही? आपटलं तर कुणी, आतून की बाहेरून? मग उठून पॅसेजमधल्या कपाटापाशी जायचे, थोडा वेळ पुस्तकांच्या पाठीवरून बोट फिरवायचे आणि एक पुस्तक काढून द्यायचे. "हे ने."

"आवड विचारून काय करायचंय?" असं त्यांचं म्हणणं. "आवड सगळे खोटी सांगतात. आईबापांना बरं वाटेल अशी सांगतात. भांडण तेवढं खरं असतं."

जर्मनीतलं हेर्त्सोगेनआउराख हे आमचं गाव. नाव एवढं लांबलचक की पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांनी शेवटपर्यंत ते म्हणायचा प्रयत्नही केला नाही. 'न्यूरेंबर्गच्या बाजूला कुठंतरी' यावर सगळ्यांनी भागवलं. गाव लहान, पण त्यात बुटांच्या मोठ्या कंपन्या आणि बेअरिंगची एक अवाढव्य कंपनी. मराठी माणसं बेअरिंगच्या कंपनीत. माझे बाबाही तिथंच होते आणि आम्ही सगळी पोरं ज्यांना काका म्हणायचो तेही. काका टेस्टिंगला. बेअरिंग यंत्रावर चढवायचं आणि ते तुटेपर्यंत फिरवत ठेवायचं, हे त्यांचं काम. मूळचे इचलकरंजीचे, पन्नाशीला आलेले, बिनलग्नाचे. गावातल्या मराठी मंडळींमध्ये त्यांना 'टेस्टिंगवाले' म्हणत. आणि हे टेस्टिंगवाले फक्त किशोरवयीन मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचायचे. तेही जर्मनमधून.

त्याचं मूळ साधं होतं. जर्मनीत आल्यावर भाषा सुधारावी म्हणून त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून अशी एक कादंबरी वाचली, आणि मग तिथून ते पुढे सरकलेच नाहीत. "मोठ्यांच्या कादंबऱ्या करून बघितल्या की मी," ते पथ्यपाण्याबद्दल बोलावं तसं सांगायचे. "पन्नास पानं झाली तरी माणूस आपला खिडकीपाशीच उभा. इथं बघ, तिसऱ्या पानावर पोरगी घर सोडून निघालेली असते."

पुस्तकाची त्यांची चाचणी ठरलेली होती. नवं पुस्तक सकाळच्या बसमध्ये उघडायचं. कंपनीचा स्टॉप आला की उतरायचं. उतरायचं लक्षात राहिलं तर पुस्तक नापास. स्टॉप चुकला तर पास. त्यामुळे काका ऑफिसला उशिरा पोचले की त्यांच्या विभागात सगळ्यांना कळायचं की आज चांगलं काहीतरी सापडलंय. जर्मनीत उशिरा येणं म्हणजे काय असतं ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. पण त्यांच्या साहेबानं हे चालवून घेतलं, कारण साहेबाला एक पंधरा वर्षांचा मुलगा होता आणि तो काहीही वाचत नसे. साहेबानं एकदा दबकत दबकत विचारलं, की माझ्या मुलासाठी काही सुचवाल का? काकांनी चष्मा वर सरकवला. "त्याचं शेवटचं भांडण कुणाशी झालं?" साहेबानं आधी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "माझ्याशी." काकांनी दुसऱ्या दिवशी दोन पुस्तकं आणून दिली, एक मुलासाठी आणि एक साहेबासाठी.

शनिवारी सकाळी ते गावच्या लायब्ररीत असायचे. तिथं मुलांच्या कोपऱ्यात जमिनीवर मोठाल्या बीनबॅगा टाकलेल्या होत्या. इस्त्रीची पँट, खिशाला पेन आणि दंडाला सायकलचा परावर्तक पट्टा अशा थाटात काका त्यातल्या एका लाल बीनबॅगेत रुतून बसायचे. रुतायचे म्हणजे खरोखरच रुतायचे. वाचून झालं की हात वर करायचे आणि आसपासची जर्मन पोरं न सांगता येऊन त्यांना ओढून बाहेर काढायची. त्या ओढाओढीतच ते एखाद्याला विचारून घ्यायचे, काय रे, भांडण कुणाशी?

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा हा नव्हेच. खरा विक्षिप्तपणा म्हणजे ती काळी रिंग.

यंत्रात तेल गळू नये म्हणून रबराच्या काळ्या ओ-रिंगा बसवतात. वापरून टाकून दिलेल्या अशा रिंगा काका घरी आणायचे, साबणानं धुवायचे आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाभोवती एक चढवायचे. म्हणजे पुस्तक वाचता यायचं, फक्त शेवटचं प्रकरण बंद. (लायब्ररीच्या पुस्तकालाही त्यांनी एकदा ही रिंग घातली होती. तिथल्या बाईंनी त्यांना चांगलं झापलं, रिंग जप्त केली आणि पुढे तीच केसांना बांधायला लागल्या.)

रिंगेपर्यंत वाचून झालं की शनिवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात जायचं. ते राय या तिथल्या काळपट धान्याच्या पिठाची थालीपीठं लावत असायचे. दुसरं काही त्यांना येत नव्हतं. आपण स्टुलावर बसायचं आणि शेवट काय व्हायला पाहिजे ते सांगायचं. मराठीतून. "जर्मनमध्ये सांगितलेलं मला शनिवारी ऐकू येत नाही," ते म्हणायचे, आणि खरंच ऐकू न आल्यासारखं करायचे. घरी आईनं मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देणारी ही पोरं. त्यांचे कपाळावर घाम येईपर्यंत हाल व्हायचे.

ओंकार म्हणून एक सोळा वर्षांचा मुलगा होता, तिथंच जन्मलेला. त्यानं स्टुलावर बसल्या बसल्या निकाल लावला. "सगळे मरतात. फेर्टिष." म्हणजे, खलास.

"मारायचंय तर नीट मार की लेका," काका थालीपीठ उलटत म्हणाले. "आधी कोण? कशानं? मागं कोण रडलं?"

ओंकार माणसामागून माणूस मारत बसला. शब्द अडला की हातानं करून दाखवायचा. काका शब्द पुरवायचे. दुपार कलली तेव्हा त्यानं पाय ताणले आणि थकून म्हणाला, "उरलेले दोघं जगतात. त्यांना मराठीत मारायला मला येत नाही."

"झकास," काका म्हणाले. "दोन जीव वाचवलेस."

मग ते फट्कन रिंग काढायचे, पुस्तक परत हातात द्यायचे आणि बजावायचे, "घरी जाऊन वाच. आणि मला येऊन सांगायचं नाही. एक अक्षर नाही." आम्हाला त्यात वावगं काही वाटायचं नाही. त्यांनी वाचलेलं पुस्तक, त्यांना काय सांगायचं?

गणपतीत आम्ही सगळे चर्चच्या हॉलमध्ये जमायचो. तिथं मोदकांच्या टेबलाशेजारी काका आपली पुस्तकं मांडून बसायचे. एकदा एक काकू मागचं कव्हर वाचून तणतणतच आल्या. "अहो, ह्यात मुलगी घरातून पळून जाते! हे का मुलांना द्यायचं?"

"परत येते की नाही ते बघितलंत का?"

"नाही."

"मीही नाही," काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मला वाटलं, काय गंमत करतात हे!

मी तेराव्या वर्षी या गावात आले. पुण्यात वर्गात बडबड केल्याबद्दल बाकावर उभी राहणारी मुलगी मी, इथं येऊन मुकी झाले. म्हणजे जर्मन कळायला लागलं होतं, लिहायलाही जमत होतं. पण तोंड उघडून वाक्य जुळवेपर्यंत समोरचे दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे. मग मी वाक्य गिळून टाकायची. एकदा सवय लागल्यावर घरीही गिळायला लागले. आई काही विचारायची, मी 'हं' म्हणायची. आईला याचा किती त्रास झाला ते आता कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं, की पुण्याहून निघताना सामान बांधण्याआधी कुणी मला विचारलं नव्हतं, तर आता कशाला विचारतात?

गिम्नाझियुमनं, म्हणजे तिथल्या हुशार मुलांच्या शाळेनं, मला प्रोबेत्साइटवर घेतलं होतं, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत बघू आणि मग ठरवू, अशा बोलीवर. वसंतात जर्मनच्या बाईंनी आईबाबांना बोलावून घेतलं. बाई भल्या होत्या, पण स्पष्ट होत्या. लिहिते ठीक, पण तोंडी मार्क मी कशाचे देऊ? ही बोलतच नाही. सुट्टीआधी बुखफोरष्टेलुंग आहे. प्रत्येक मुलानं वर्गासमोर उभं राहून एका पुस्तकाबद्दल बोलायचं असतं. तेव्हाही बोलली नाही तर शाळा बदलावी लागेल.

त्याच संध्याकाळी बाबा मला घेऊन काकांकडे गेले.

"अहो, हिला एखादं सोपंसं पुस्तक द्या," बाबा म्हणाले. "छोटं असलं तर बरं. अक्षर मोठं."

काकांनी चष्मा वर सरकवला आणि बाबांकडेच बघितलं. "तुमचं शेवटचं भांडण कुणाशी झालं?"

"माझं? माझं कुठं..." बाबा चाचरले. "घरमालकाशी. कचऱ्याच्या डब्यांवरून."

"हं. तुम्हालाही देतो एक." मग माझ्याकडे वळले. "आणि तुझं?"

"कुणाशी नाही."

"आईशी?"

"नाही."

"शाळेत तरी?"

"शाळेत मी बोलत नाही."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सकाळपासून कुणी जेवलं नाही हे ऐकल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला. "इथं आल्यापासून एकही भांडण नाही? अरेरे. कशी काय राहतेस गं?"

आजवर सगळ्यांनी मला बोल बोल म्हणून सांगितलं होतं. मी भांडत नाही म्हणून हळहळणारा हा पहिलाच माणूस. पण पुढे ते म्हणाले, "मग पुस्तक कसं द्यायचं? भांडणाशिवाय मला देता येत नाही. कुठलं द्यायचं तेच कळत नाही." आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता इथूनही रिकाम्या हातानं परत.

त्यांनी ते पाहिलं असावं. गडबडीनं पॅसेजमध्ये गेले, बरीच खुडबुड केली आणि एक निळ्या पाठीचं पुस्तक घेऊन आले. "असं करू. पुस्तक आत्ता ने. भांडण उधार. नंतर आणून दे. पण खरं पाहिजे हं. आणि इथल्या कुणाशी तरी, इथल्या भाषेत."

बाबा सायकल ढकलत घरी येईपर्यंत पुटपुटत होते, की माणूस चांगला आहे पण पुरता सटकलेला आहे.

त्या पुस्तकात एक पंधरा वर्षांची मुलगी नदीवरच्या मालवाहू बोटीवर तिच्या आजोबांबरोबर राहत असते. बोटीवर एक म्हातारा कुत्रा, एका डोळ्यानं आंधळा. आई लहानपणीच तिला सोडून शहरात गेलेली. एक दिवस आईचं पोस्टकार्ड येतं: आता माझ्याकडे ये, कायमची. सबंध पुस्तकभर मुलगी जाऊ की नको करत राहते. आणि रिंगेआधीच्या शेवटच्या पानावर ती धक्क्यावर बॅग घेऊन उभी आहे, बस वळणावर दिसते आहे, मागे आजोबांनी बोटीचं इंजिन सुरू केलंय आणि मध्ये कुत्रा बसलाय.

मी ते पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. मग डिक्शनरी कुठे राहिली ते मला कळलंही नाही. शाळेच्या बसमधून जाताना माझा पहिल्यांदा स्टॉप चुकला.

बुखफोरष्टेलुंग सोमवारी होती. त्याआधीच्या शनिवारी मी काकांच्या स्टुलावर जाऊन बसले.

"भांडण आणलंस?"

"नाही."

"मग रिंग कशी काढू?"

"काका, सोमवारी मला वर्गात सांगायचंय. शेवट पाहिजे ना!"

"शेवट कळला की तू पाठ करशील," काका शांतपणे म्हणाले. "न कळता जा. बघ काय होतं ते."

आता खरं सांगायचं तर ती रिंग दोन बोटांनी निघाली असती. पण काकांची रिंग स्वतःच्या हातानं काढायची नाही, हे आम्हा मुलांमध्ये कुणी न सांगता ठरून गेलं होतं. आईला मात्र असलं काही मान्य नव्हतं. "वेड लागलंय का त्यांना? पोरीच्या शाळेचा प्रश्न आहे आणि यांचे खेळ चाललेत! आण इकडे ते." आईनं रिंगेला हात घातला आणि मी पुस्तक हिसकावून घेतलं. "नाही काढायची! माझं पुस्तक आहे!"

आई बघतच राहिली. कितीतरी महिन्यांत माझ्या तोंडून आलेलं ते सर्वांत लांब बोलणं होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळानं तिथून तिचं नाक ओढणं ऐकू आलं. नंतर कळलं, की ती रडली ती रागानं नव्हे.

सोमवारी मी वर्गासमोर उभी राहिले. मागच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत, पाठ केलेलं खालच्या आवाजात म्हणत गेले. नदी, बोट, आजोबा, पोस्टकार्ड. धक्क्यापाशी आले आणि थांबले.

"उंड दान?" बाईंनी विचारलं. मग पुढे?

"मला माहीत नाही," मी जर्मनमध्ये म्हणाले. वर्ग खदखदला. मी पुस्तक वर धरून ती काळी रिंग दाखवली. "हे बांधलेलं आहे. मला उघडायची परवानगी नाही."

बाईंच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतला फेलिक्स, लांब मानेचा, नेहमी सगळं माहीत असलेला, खुर्चीत रेलून म्हणाला, "मी वाचलंय. ती जाते आईकडे. बसमध्ये बसते. संपलं."

"नाइन," मी म्हणाले. म्हणजे नाही.

माझा तो 'नाइन' केवढा मोठा आला ते मला वर्ग एकदम गप्प झाल्यावर कळलं.

"नाइन काय?" फेलिक्स हसला. "मी वाचलंय म्हणतोय ना."

"तू वाचलंस, पण तुला कळलं नाही! कुत्रा कुठं राहणार?"

"कुत्रा?"

"आईचं घर चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तिनंच पोस्टकार्डावर लिहिलंय! कुत्रा म्हातारा आहे. त्याला एक डोळा नाही. तो जिना कसा चढणार?"

"उचलून नेईल ती."

"रोज? सकाळ-संध्याकाळ? केवढा आहे तो, माहितेय? आजोबांनासुद्धा उचलत नाही!"

"आल्झो बिटं! काहीतरीच काय! कुत्र्यासाठी कुणी आईला सोडतं का?"

"आईनं तिला सोडलं होतं!" मी ओरडले. "कुत्र्यानं नाही!"

मग मागच्या बाकावरून कुणीतरी बाकावर ठोकलं, आणखी कुणीतरी ठोकलं, आणि वर्ग फुटला. अर्धे बोटीच्या बाजूनं, अर्धे शहराच्या. एक मुलगी म्हणाली, आजोबा मेले तर ती एकटी काय करेल? मी म्हणाले, ते काही मरत नाहीत, फक्त खोकतात. माझं व्याकरण त्या दिवशी पार चिंध्या झालं होतं. पण मला कुणी अडवलं नाही, कारण प्रत्येकाला माझं म्हणणं खोडून काढायची घाई होती. मी नकाशाकडे बघत नव्हते. फेलिक्सकडे बघत होते आणि बोलत होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की बस! बाई खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या होत्या. घंटा झाली तरी त्या उठल्या नाहीत.

शेवटी त्या म्हणाल्या, "सारांश अपुरा आहे. शेवट दिलेला नाही." मी पुस्तक मिटलं. "तरीही, दोन." जर्मनीत एक म्हणजे सर्वांत वर, दोन म्हणजे त्याच्या खालोखाल. मी शाळेत राहिले. जाताना बाईंनी मला हळूच विचारलं, की ती रिंग कुठं मिळते?

शाळा सुटल्यावर घरी न जाता मी काकांच्या बसस्टॉपवर जाऊन थांबले. त्यांची बस आली आणि खिडकीत पुस्तकामागे लपलेले काका तसेच पुढे निघून गेले. मी हसत उभी राहिले. थोड्या वेळानं ते पुढच्या स्टॉपवरून चालत परत येताना दिसले, हातात पुस्तक उघडंच.

"काका!" मी रस्त्याच्या या बाजूनं ओरडले. "भांडण आणलंय!"

त्यांनी तिथंच, सायकलवाल्यांच्या वाटेत, दोन्ही हात वर केले. एका आजीबाईंची सायकल थोडक्यात वाचली.

स्वयंपाकघरात त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. आधी कोण बोललं? तू उभी होतीस की बसलेली? 'कुत्र्यानं नाही' याला त्यांनी हातातलं उलथणं तव्यावर आपटलं. आईशी झालेलंही मी सांगितलं. "ते व्याज," काका खुशीत म्हणाले, आणि त्यांनी फट्कन रिंग काढली.

"पण आता सांगा," मी म्हणाले. "फेलिक्सचं खरं आहे का? ती जाते?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे? तुम्ही वाचलंय ना?"

"रिंगेपर्यंत."

मी स्टुलावरून उठले. मग पॅसेजमधल्या त्या कपाटाकडे बघितलं. तिथं ओळीनं उभ्या असलेल्या प्रत्येक पुस्तकाला मागच्या बाजूला काळी रिंग. म्हणजे काका पुस्तक विकत आणल्या आणल्या आधी रिंग चढवायचे आणि मग वाचायचे. त्यातल्या एकाचाही शेवट त्यांना ठाऊक नव्हता. पोरं शनिवारी स्टुलावर बसून सांगायची ते शेवट, ओंकारनं वाचवलेले ते दोन जीव, तेवढेच त्यांचे शेवट.

"असं का करता, काका?"

ते तव्याकडे वळले. "दिवसभर कंपनीत मी वस्तूंचा शेवटच बघतो गं. बेअरिंग चढवायचं आणि तुटेपर्यंत बघत बसायचं. तुटलं की किती तास चाललं ते लिहायचं, की दुसरं. घरी तरी काहीतरी फिरत राहू दे की." मग पाठमोरेच म्हणाले, "तू वाच. बस तिथंच. मला सांगू नको फक्त."

मी स्टुलावर बसून वाचायला लागले. काका तव्यावर वाजवीपेक्षा जास्त आवाज करत होते आणि मोठ्यानं गुणगुणत होते, मी चुकून काही बोललेच तर ऐकू येऊ नये म्हणून. फेलिक्सचं खरं होतं. मुलगी बसमध्ये बसते. मला त्याचा राग आला, आणि मग पुढच्या पानावर कुत्र्याचं जे होतं ते वाचलं आणि माझ्या तोंडून 'अगं बाई' असं निघून गेलं.

गुणगुणणं थांबलं.

मी पान उलटलं. स्वयंपाकघरात थालीपीठ करपल्याचा वास यायला लागला. काका उलथणं धरून नुसतेच उभे होते.

"एवढंच सांग," ते शेवटी म्हणाले. "कुत्र्याचं काय झालं?"

"सांगायचं नाही म्हणालात."

"बाकीचं नको सांगू. पोरीचं नको, आईचं नको. फक्त कुत्र्याचं."

"एक अक्षर नाही म्हणालात!"

"अगं, नियम माझा आहे. माझा मी मोडीन नाहीतर काय करीन!"

"मग तुम्हीच वाचा की. हे घ्या पुस्तक."

"ते नाही जमायचं," काका म्हणाले, आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्यांनी मला आगाऊ म्हटलं, मी त्यांना घाबरट म्हटलं. शेवटी मी रिंग उचलली, शेवटच्या प्रकरणावर परत चढवली आणि पुस्तक त्यांच्या कपाटात ठेवून दिलं. करपलेलं थालीपीठ आम्ही दोघांनी लोण्याबरोबर खाल्लं.

आता मी न्यूरेंबर्गमध्ये एका लायब्ररीत काम करते. मोठ्या मुलांचा विभाग माझ्याकडे आहे. पोरं दप्तर टेकवून समोर उभी राहतात आणि मी चष्मा वर सरकवते. पहिला प्रश्न काय विचारते ते सांगायला नकोच. फेलिक्सच्या मुलीला परवा असंच एक पुस्तक दिलं; तिचं भांडण फेलिक्सशी झालं होतं आणि बाजू तिची बरोबर होती.

काका निवृत्त होऊन इचलकरंजीला परतले, रिंगांसकट. तिथं त्यांच्या गल्लीतली पोरं आता शनिवारी थालीपीठ खायला येतात म्हणे. आम्ही अधूनमधून फोनवर बोलतो. गुडघे, हवा, नवी पुस्तकं, सगळं बोलून झालं की ते जरा थांबतात. मी वाट बघते.

"कुत्र्याचं काय झालं गं?"

मी अजून सांगितलेलं नाही. इथंही लिहीत नाही. हे त्यांच्या वाचनात येईल. निळं पुस्तक त्यांच्याच कपाटात आहे, रिंग ते दोन बोटांनी काढू शकतात, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

"तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?" मी विचारते.

मग ते घसा साफ करतात आणि सांगायला लागतात. दर वेळी नवीन. एकदा कुत्रा चौथ्या मजल्यापर्यंत चढला, वाटेत प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी त्याला पाणी दिलं. एकदा तो बसच्या मागे धावला आणि बसच थांबली. मागच्या महिन्यात तर तो बोटीवरून नदीत, नदीतून समुद्रात, असा मजल दरमजल करत इचलकरंजीला येऊन पोचला आणि काकांच्या ओट्यावर बसून आता थालीपीठ मागतो आहे.